लांबलेलं आजारपण: पहिल्या फोनपासून कामावर परत येईपर्यंत ऑफिसने काय करायचं, कोणत्या क्रमाने

मस्टरवर (हजेरीपटावर) लाल पेनाने सलग 'ए', म्हणजे गैरहजर, पडत जातात. दहाव्या दिवशी सुपरवायझर ऑफिसात येतो, "साहेब, मला दुसरा माणूस द्या, तो काही येत नाही." अकराव्या दिवशी 'आपण विनापरवानगी गैरहजर आहात' असं ठरलेल्या मजकुराचं पत्र पोचपावतीच्या टपालाने निघतं. आणि ज्याच्या नावाने ते निघालं, तो सातपूरच्या ईएसआय (कामगारांची राज्य विमा योजना) हॉस्पिटलात खाटेवर असतो, नाहीतर गावी आईकडे अंथरुण धरून असतो.

प्रकरण बिघडतं ते इथेच. सहा महिन्यांनी लेबर ऑफिसात जी भांडणं होतात, ती बहुतेक वेळा या पहिल्या पंधरा दिवसांत लिहिली गेलेली असतात. नाशिकच्या कारखान्यांत टाइम ऑफिस आणि पर्सनल सांभाळताना ही चूक मी अनेक ठिकाणी बघितली, आणि एकदा स्वतः केली. म्हणून हा क्रम लिहून देतोय. पगार, पीएफ, कँटीन आणि गेटपास हे सगळं एकच माणूस बघतो, अशा लहान-मध्यम कारखान्यांसाठी हा मजकूर आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करा: आजारी आणि गैरहजर हे दोन वेगळे रकाने आहेत. खाली जे जे सांगितलंय, ते हे दोन रकाने एकमेकांत मिसळू नयेत यासाठीच आहे.

कायद्याबाबत एक सूचना. चार श्रम संहिता, म्हणजे जुने कामगार कायदे एकत्र करून केलेले चार नवे कायदे, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. खाली जुन्या कायद्यातली कलमं आणि नियम येतील, कारण ऑफिसात, वकिलांकडे आणि युनियनमध्ये अजून त्याच नावांनी बोललं जातं. पत्रात मात्र कलमाचा आकडा टाकण्याआधी वकिलाकडून तपासून घ्या. जुन्या फॉर्मॅटवरून कलम उतरवून पत्र पाठवणं आता बंद करा.

## ० : कोणी आजारी पडण्याआधीची तयारी

ही तयारी एका दुपारचं काम आहे. पण माणूस आयसीयूत गेल्यावर ती करता येत नाही.

प्रत्येक कामगाराचे दोन पत्ते आणि दोन फोन नंबर घ्या. इथली भाड्याची खोली आणि गावचं घर, त्याचा स्वतःचा मोबाइल आणि घरातल्या एका जाणत्या माणसाचा. दर जानेवारीत ते पुन्हा विचारून घ्या. अंबडच्या खोल्या वर्षाला बदलतात, पण मस्टरवरचा पत्ता भरतीच्या दिवशीचाच राहतो.

ईएसआयच्या नोंदीत बायको, मुलं, आई-वडील यांची नावं आणि आधार जोडलेत का, बँक खातं बरोबर आहे का, हे बघा. आजारपणात ईएसआयकडून मिळणारा भत्ता थेट खात्यात जातो. खातं बंद पडलेलं असेल तर दोन महिने पैसे अडकतात, आणि ते नेमके गरजेचे दोन महिने असतात.

मग एक साधा, मराठीतला कागद बनवा आणि नोटीस बोर्डावर लावा: आजारी पडलात तर कोणाला फोन करायचा, किती दिवसांत सर्टिफिकेट पोचवायचं, मोबाइलवर फोटो चालेल का. माझं मत विचाराल तर फोटो चालवा. मूळ कागद नंतर घेता येतो.

तपासा: मस्टर आणि पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये आजारपणाच्या रजेला वेगळा कोड आहे का? नसेल तर आजच टाका. कोड नसला की ऑपरेटर 'ए' टाकतो. पुढे त्या 'ए'चा अर्थ तुम्हाला कोर्टात समजावत बसावा लागतो.

## १ : पहिले तीन दिवस, फक्त फोन

तिसऱ्या दिवसापर्यंत काही कळलं नाही तर ऑफिसमधून फोन करा. सुपरवायझरला करायला लावू नका. त्याचं प्रॉडक्शन अडलेलं असतं आणि ते त्याच्या आवाजात उतरतं.

फोनवर विचारायचं इतकंच: "दादा, तब्येत कशी आहे? कुठे दाखवलं? ईएसआयच्या दवाखान्यात गेलात का? सोबत कोण आहे? काही कागद मिळाला असेल तर फोटो पाठवा." 'कधी येणार' हा प्रश्न पहिल्या फोनमध्ये नको. त्यालाही ते माहीत नसतं. घाबरून 'सोमवारी येतो' म्हणतो, आणि सोमवारी आला नाही की तुमच्या लेखी तो खोटा ठरतो.

बोलणं झालं की तारीख, वेळ, कोण बोललं, काय सांगितलं, हे दोन ओळींत रजिस्टरमध्ये लिहा.

इथे एक गोष्ट हमखास सुटते. दुखणं नेमकं कशामुळे झालं, ते विचारा. घरून कामावर येताना दुचाकी घसरली आणि पाय मोडला, तर ते साधं आजारपण नाही. कामाशी त्याचा संबंध दाखवता आला तर येण्या-जाण्यातला अपघातसुद्धा ईएसआयमध्ये कामावरची इजा धरला जातो. फरक मोठा आहे: साध्या आजारपणाला सरासरी रोजाच्या (दिवसाच्या वेतनाच्या) ७० टक्के भत्ता, इजेला ९० टक्के. साध्या आजारपणाला दिवसांची मर्यादा आहे, इजेला ती नाही. अपंगत्व असेपर्यंत भत्ता चालतो. ही नोंद पहिल्या आठवड्यात झाली नाही, तर नंतर अपघाताचा अहवाल द्यायला गेल्यावर 'इतके दिवस काय करत होता' हा प्रश्न येतोच.

सावधान: कोणाला काय झालंय, ते कारखान्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका, 'सगळ्यांनी प्रार्थना करा' असं म्हणूनसुद्धा नाही. आजाराचं नाव ऑफिसातल्या एका कुलूपबंद फाइलमध्ये राहतं. मस्टरवर फक्त कोड जातो.

## २ : पहिले पंधरा दिवस, सर्टिफिकेट आणि मस्टर

ईएसआयमध्ये सर्टिफिकेटांची साखळी असते: पहिलं, मग मधली, आणि शेवटी कामावर जायला हरकत नाही असं सांगणारं. ही साखळी तुटली की भत्ता तुटतो आणि मस्टरवरही भोक पडतं. म्हणून प्रत्येक कामगाराच्या नावाने एक पान करा. त्यावर सर्टिफिकेटची 'पासून' आणि 'पर्यंत' तारीख लिहा. 'पर्यंत'च्या दोन दिवस आधी तुम्हीच फोन करा: "उद्या-परवा दवाखान्यात जाऊन पुढचं घ्या."

खासगी डॉक्टरचं सर्टिफिकेट आलं तर ते फेकू नका आणि त्यावर समाधानही मानू नका. रजेसाठी ते ठेवा, पण भत्त्यासाठी ईएसआयच्या डॉक्टरचंच लागतं हे घरच्यांना स्पष्ट सांगा. बरेच जण भीतीने खासगी दवाखान्यात भरती होतात, पंधरा दिवसांनी ईएसआयची आठवण काढतात, आणि तेवढ्या दिवसांचा भत्ता बुडतो.

माझी चूक याच टप्प्यावर झाली. आमच्या प्रेस शॉपमधला एक ऑपरेटर, बारा वर्षं नोकरी झालेला, अचानक यायचा थांबला. दोन पत्रं गेली. दोन्ही 'घर बंद' असा शेरा घेऊन परत आली. तिसरी कारणे दाखवा नोटीस मी टाइप करून टेबलावर ठेवली होती. त्या दुपारी त्याची बायको गेटवर आली. हातात कापडाच्या दुकानाची जुनी पिशवी, तिच्यात गुंडाळलेला एक्स-रे, थुंकी तपासणीचा कागद, आणि टाचणी लावलेली ईएसआयची चार सर्टिफिकेटं, तारखेला तारीख लागलेली, एकही दिवस न सुटलेला. क्षय निघाला होता. तो कळवणजवळ गावी होता. कागद तिने देवाच्या फोटोमागे जपून ठेवले होते. ते ऑफिसात द्यायचे असतात, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. मी तिला खुर्ची दिली, तेव्हा तिच्या समोर ती नोटीस उघडी पडलेली होती, वर त्याचं नाव. तिला वाचता येत होतं.

म्हणून सांगतो, पत्र परत आलं याचा अर्थ माणूस पळाला असा होत नाही. पत्र परत आलं की दुसऱ्या पत्त्यावर पाठवा, घरच्या नंबरवर फोन करा आणि शेजारच्या मशीनवरच्या मित्राला विचारा. त्याच्या गावाकडचा कोणी ना कोणी तुमच्याच कारखान्यात असतो.

तपासा: पंधराव्या दिवशी मस्टर उघडा. प्रत्येक दिवसासमोर एकतर रजेचा कोड आहे किंवा सर्टिफिकेटचा आधार असलेला आजारपणाचा कोड आहे का? 'ए' राहिला असेल तर तो का राहिला, याचं उत्तर रजिस्टरमध्ये हवं.

## ३ : घर कशावर चालणार, याचा हिशेब

हा टप्पा ऑफिसं सगळ्यात जास्त टाळतात. 'ते ईएसआयचं आहे, त्यांनी बघावं' असं म्हणून मोकळी होतात. पण घरात पैसा नसला की माणूस अर्धवट बरा होऊन कामावर येतो, आणि मशीनवर उभा राहून पुन्हा पडतो. कारखान्याच्या हितासाठीसुद्धा हा हिशेब त्याला बसवून समजावून सांगा.

महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्याला ईएसआय लागू. वेतन मध्येच २१,००० च्या वर गेलं तरी त्या सहामाहीच्या शेवटापर्यंत अंशदान (ईएसआयचा मासिक हप्ता) चालू राहतं. वाढ मिळाली म्हणून मेच्या पगारात ईएसआय कापणं थांबवू नका, ३० सप्टेंबरपर्यंत चालू ठेवा.

साध्या आजारपणाचा भत्ता: सरासरी रोजाच्या ७० टक्के, लागोपाठच्या दोन लाभकाळांत (भत्ता मिळण्याच्या सहा-सहा महिन्यांच्या काळांत) मिळून जास्तीत जास्त ९१ दिवस. पहिले दोन दिवस धरत नाहीत. मात्र आधीच्या आजारपणानंतर १५ दिवसांच्या आत पुन्हा पडला तर ती दोन दिवसांची कपात होत नाही. सरासरी रोज ६०० रुपये धरला तर दिवसाला ४२० रुपये, ९१ दिवसांचे ३८,२२० रुपये. एवढ्यात खोलीचं भाडं आणि किराणा बसतो का, हे घरच्यांना आधी कळलेलं बरं.

पात्रतेसाठी मागच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांचं अंशदान लागतं. १ एप्रिल ते ३० सप्टेंबर या काळातलं अंशदान पुढच्या १ जानेवारी ते ३० जून या काळात उपयोगी पडतं. १ ऑक्टोबर ते ३१ मार्चमधलं अंशदान १ जुलै ते ३१ डिसेंबरसाठी. फेब्रुवारीत आजारी पडलेल्यासाठी म्हणून एप्रिल-सप्टेंबरचे चलान काढून दिवस मोजा. इथे एक खड्डा आहे. माणूस एखादी संपूर्ण सहामाही आजारी राहिला, तर त्या सहामाहीत त्याचे ७८ दिवस भरत नाहीत, आणि पुढचा लाभकाळ रिकामा जातो. घरच्यांना ही तारीख आधीच सांगून ठेवा.

क्षय, कर्करोग, पक्षाघात, मूत्रपिंड निकामी होणं, काही मानसिक आजार अशा ३४ ठरलेल्या आजारांत ९१ दिवस संपल्यावर वाढीव भत्ता मिळतो: ८० टक्के दराने, गरजेप्रमाणे दोन वर्षांपर्यंत. त्याला सलग दोन वर्षं विमापात्र नोकरी आणि मागच्या चार सहामाह्यांत १५६ दिवसांचं अंशदान लागतं. ९१ वा दिवस कधी येतो, ते रजिस्टरमध्ये आधीच लाल करून ठेवा आणि ७५ व्या दिवसाच्या सुमारास घरच्यांना ईएसआयच्या शाखा कार्यालयात पाठवा. मध्ये खंड पडला की भरून यायला फार वेळ जातो.

सावधान: ज्या दिवसाचा पगारी रजेचा पैसा दिला, त्या दिवसाचा ईएसआय भत्ता मिळत नाही. दोन्ही दिले तर वसुली कामगारावर येते. रजा आधी वापरायची की भत्ता आधी, हे त्याला विचारा. लहान आजारपणात रजा बरी पडते. लांबणार हे दिसत असेल तर मी बहुतेकांना भत्ता आधी घ्या आणि रजा शिल्लक ठेवा असं सांगतो.

आयुर्विम्याचा हप्ता पगारातून कापून जात असेल तर शून्य पगाराच्या महिन्यात तो जात नाही, आणि पॉलिसी गुपचूप बंद पडते. घरच्यांना सांगा की या महिन्यापासून हप्ता तुम्ही शाखेत भरा. पतपेढीच्या कर्जाचंही तसंच. आजारपणात विमा बंद पडलेला मी बघितलाय, आणि त्यासाठी फक्त एक फोन पुरला असता.

२१,००० च्या वरच्यांना हे कवच नसतं. त्यांच्यासाठी कंपनीची मेडिक्लेम, शिल्लक रजा, पीएफमधून आजारपणासाठी मिळणारी आगाऊ रक्कम, आणि उपचार बसत असतील तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, एवढं तपासा. त्यांना कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी थेट मालकावर येते, हे मालकाला त्याच दिवशी सांगा.

## ४ : दर महिन्याचं ऑनलाइन काम, इथे एक चुकीचा पर्याय महागात पडतो

ईएसआयचं मासिक अंशदान पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचं असतं. आजारी माणसाचे दिवस शून्य आले की पोर्टल कारण विचारतं. यादीत 'ऑन लीव्ह' आहे आणि 'लेफ्ट सर्व्हिस'ही आहे. घाईत, किंवा बाहेरचा कन्सल्टंट काम करत असेल तर त्याला काही माहीतच नसल्यामुळे, 'लेफ्ट सर्व्हिस' टाकलं जातं. म्हणजे नोकरी सोडली अशी नोंद होते. महिनाभराने माणूस दवाखान्यात उभा असतो आणि त्याला सांगतात, तुमचं कार्ड चालत नाही.

कन्सल्टंटला दर महिन्याला आजारी माणसांची यादी लेखी द्या आणि समोर 'ऑन लीव्ह' लिहा. चलान भरून झाल्यावर ती नोंद स्वतः उघडून बघा.

पीएफच्या मासिक विवरणातही बिनपगारी दिवसांचा रकाना असतो, तो बरोबर भरा. नाव काढू नका. नाव काढलं तर नोकरीत असताना मृत्यू आला तर वारसाला मिळणारं, ७ लाखांपर्यंत जाणारं विम्याचं संरक्षण धोक्यात येतं. ग्रुप मेडिक्लेमच्या नूतनीकरणाच्या यादीतही आजारी माणूस सुटतो, कारण यादी 'या महिन्यात पगार झालेल्यांची' काढली जाते. ती मस्टरवरून काढा.

ईएसआयच्या शाखेकडून 'हा माणूस या तारखांना कामावर नव्हता ना' अशी पडताळणी येते. तिला त्याच आठवड्यात उत्तर द्या. तुमच्या टेबलावर तो कागद पडून राहिला तर तिकडे भत्ता थांबतो.

तपासा: शून्य दिवस, कारण 'ऑन लीव्ह', पीएफला नाव आहे, मेडिक्लेमच्या यादीत नाव आहे, पडताळणीला उत्तर गेलंय. दर महिन्याला चार टिक.

## ५ : संपर्क

दोन आठवड्यांतून एक फोन, महिन्यातून एकदा शक्य असेल तर भेट. भेटीला जाताना आधी कळवा. एकटे जा किंवा त्याचा मित्र सोबत घ्या, मालकाला आणि सुपरवायझरला नेऊ नका. दारात गाडी भरून लोक उतरले की शेजाऱ्यांना वाटतं काढून टाकायला आलेत.

भेट तपासणीसाठी नसते. तरीही शंका आली, सर्टिफिकेट खोटं वाटलं, माणूस दुसरीकडे काम करतोय असं कानावर आलं, तर फोटो काढत फिरू नका. शाखा कार्यालयाला लेखी कळवा. ईएसआयकडे फेरतपासणीसाठी मेडिकल रेफरी असतात, ते काम त्यांचं आहे.

## ६ : त्याच्या जागी माणूस

बदली कामगार घ्या, पण लेखी आणि मुदतीवर. 'तो परत येईपर्यंत' असं बदलीच्या पत्रात स्पष्ट असू द्या. त्याचं लॉकर रिकामं करू नका. लॉकर रिकामं झाल्याची बातमी तासाभरात घरी पोचते.

## ७ : डॉक्टरला नेमका प्रश्न

'फिट' किंवा 'अनफिट' या एका शब्दावर कारखाने माणसाला मशीनवर उभं करतात, किंवा घरी पाठवतात. चूक डॉक्टरची नसते. त्याने तुमचं प्रेस मशीन बघितलेलं नाही. त्याला वाटतं 'ऑपरेटर' म्हणजे बटण दाबणारा. तुम्हाला माहीत असतं की दिवसाला शेकडो वेळा वाकून शीट उचलायची असते.

म्हणून माणूस बरा होऊ लागला की, कामावर येण्याच्या साधारण तीन आठवडे आधी, डॉक्टरांच्या नावाने एक पानाचं पत्र करून त्याच्याच हाती द्या. त्यात आधी काम सांगा: किती तास उभं राहायचं, किती किलो उचलायचं, शिफ्ट कोणत्या, उष्णता, धूळ, आवाज, उंचीवर चढणं, क्रेन किंवा फोर्कलिफ्ट. मग प्रश्न विचारा:

- हे काम पूर्णपणे करता येईल का? नसेल तर यातलं कोणतं नको?
- किती किलोपर्यंत वजन चालेल, आणि किती आठवडे?
- रात्रपाळी चालेल का?
- चालू औषधांनी गुंगी किंवा चक्कर येते का? फिरत्या मशीनजवळ काम द्यावं का?
- जेवणाची, इन्शुलिनची, डायलिसिसची ठरलेली वेळ पाळावी लागेल का?
- पुन्हा कधी तपासायचं?

आजाराचं नाव विचारू नका. गरज कामाच्या मर्यादांची आहे. एचआयव्हीबाबत तर २०१७ च्या कायद्याने नोकरीसाठी चाचणीची सक्ती करता येत नाही. तसा प्रश्न पत्रात गेला तर तो तुमच्याविरुद्ध पुरावा ठरेल.

माझा अनुभव असा की सरकारी दवाखान्यातले डॉक्टरसुद्धा अशा पत्राला उत्तर देतात. गर्दीत त्यांना निबंध लिहायला वेळ नसतो, पण 'पाच किलोपर्यंत, सहा आठवडे, रात्रपाळी नको' एवढं ते प्रश्नासमोरच लिहून देतात. मशीन शॉपमध्ये मणक्याचं ऑपरेशन झालेल्या एका कामगाराचं आलेलं उत्तर मी फाइलमध्ये ठेवलंय. त्या दीड ओळीच्या जोरावर त्याला इन्स्पेक्शनच्या टेबलावर बसवलं. तीन महिन्यांनी तो पुन्हा मशीनवर गेला.

## ८ : परत येण्याचा दिवस

कामावर घेण्याचं शेवटचं सर्टिफिकेट हातात आल्याशिवाय पंचिंग करू देऊ नका, एका दिवसासाठीही नाही. त्या दिवशी काही झालं तर भत्ता, इजा आणि जबाबदारी तिन्ही गुंत्यात सापडतात. 'अर्धा दिवस येऊन बघतो, भत्ताही चालू ठेवा' हेही बसत नाही. काम केलेल्या दिवसाचा भत्ता नसतो.

पहिल्या दिवशी सकाळी त्याला थेट शॉपवर पाठवू नका. ऑफिसात बसवा, चहा द्या, आणि पंधरा मिनिटांत तीन गोष्टी सांगा: काम काय आणि किती दिवस हलकं, पगार किती, त्रास झाला तर कोणाला सांगायचं. हलकं काम लेखी द्या, सुरू होण्याची आणि संपण्याची तारीख घालून. तारीख नसलेलं हलकं काम एकतर तिसऱ्या दिवशी सुपरवायझर मोडतो, नाहीतर वर्षभर चालतं आणि बाकीचे कुरकुर करतात.

सुपरवायझरला आजार सांगायचा नाही, मर्यादा सांगायच्या: 'सहा आठवडे पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही.'

क्षयातून बरा होऊन आलेल्याशी लोक कँटीनमध्ये लांब बसतात. डॉक्टरांनी कामाला हरकत नाही म्हटलंय, एवढं वाक्य तुम्ही स्वतः शॉपवर जाऊन चार लोकांसमोर सांगा, पण आधी त्याची परवानगी घ्या. त्याच्या शेजारी बसून एकदा जेवा. आमच्या त्या प्रेस ऑपरेटरच्या बाबतीत मी हे केलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याचं टेबल भरलेलं होतं.

तपासा: दुसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या आठवड्यात पाच मिनिटं बोला आणि नोंद करा.

## ९ : परत येणं होत नसेल तर

इथे दोन वाटा आहेत. त्या एकत्र करू नका.

सर्टिफिकेट आहेत, पण माणूस बरा होत नाही. ही शिस्तीची बाब नाहीच. कारणे दाखवा नोटीस, चौकशी, आरोपपत्र यांतलं काहीही इथे चालत नाही. ईएसआय कायद्याच्या कलम ७३ ने भत्ता घेत असताना किंवा उपचार चालू असताना काढणं, पदावनत करणं, शिक्षा करणं याला बंदी केली होती, आणि त्या काळात दिलेली नोटीसही निरर्थक ठरवली होती. त्याखालच्या नियम ९८ प्रमाणे, सेवाशर्तींत तशी सोय असेल तरच, आणि योग्य नोटीस देऊन, साध्या आजारपणात सलग सहा महिन्यांनंतर आणि क्षयासारख्या दीर्घ आजारात अठरा महिन्यांनंतर सेवा संपवण्याचा विचार करता येत असे. संहिता आल्यावरही हे संरक्षण आहे असं धरूनच चाला.

सहा महिने झाले म्हणजे काढता येतं, असा याचा अर्थ लावू नका. आधी दुसरं काम शोधा: स्टोअर, इन्स्पेक्शन, टूल क्रिब (हत्यारं देण्या-घेण्याची खोली), गेट रजिस्टर. शोधलं हे लिहून ठेवा. डॉक्टरांचं लेखी मत घ्या. माणसाला आणि घरच्यांना समोर बसवून बोला, त्याला हवं असेल तर युनियनचा प्रतिनिधी असू द्या. सरकारी आस्थापनांना तर नोकरीत असताना अपंगत्व आलेल्याला काढताच येत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने त्याला त्याच वेतनावर दुसरं पद द्यावं लागतं. खासगी कारखान्याने निदान शोध तरी प्रामाणिकपणे घ्यावा.

सर्टिफिकेट नाहीत, संपर्क नाही. दोन्ही पत्त्यांवर पत्र, घरी फोन, मित्रामार्फत निरोप, शाखा कार्यालयात चौकशी. एवढं झाल्यावरच शिस्तीची वाट. 'आठ दिवस गैरहजर म्हणून नाव आपोआप कमी' असं स्थायी आदेशांत (कारखान्याच्या लेखी सेवानियमांत) लिहिलेलं असलं तरी तसं करू नका. १९९३ च्या डी. के. यादव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हणणं ऐकून न घेता असं नाव कमी करणं चुकीचं ठरवलं. २०१२ च्या कृष्णकांत परमार खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितलं की गैरहजेरी जाणूनबुजून होती हे सिद्ध व्हावं लागतं. म्हणजे आरोपपत्र, चौकशी, त्याचं म्हणणं, मग निर्णय. चौकशीत तो आजारी होता हे पुढे आलं, तर तिथेच थांबा आणि पहिल्या वाटेवर या.

सावधान: 'राजीनामा दे, हिशेब लवकर करतो' हे शब्द उच्चारू नका. अंथरुणावर घेतलेली सही पुढे टिकत नाही, आणि टिकली तरी ती घेणं बरोबर नाही. तो स्वतःहून म्हणाला तर घरी जाऊन विचार करायला आठ दिवस द्या. मग त्याच्याच हस्ताक्षरात, घरच्यांच्या समोर घ्या.

सेवा संपलीच तर वेतन संहितेप्रमाणे पगाराचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत आणि ग्रॅच्युइटी तीस दिवसांत. ग्रॅच्युइटीसाठी एरवी पाच वर्षं लागतात, पण आजाराने किंवा अपघाताने आलेल्या अपंगत्वामुळे सेवा संपली तर पाच वर्षांची अट नाही. ही गोष्ट कितीतरी ऑफिसांना माहीत नसते आणि चार वर्षं झालेल्याला रिकाम्या हाती पाठवलं जातं. आजारपणात गेलेले दिवस सेवेत खंड धरत नाहीत, ते वजा करू नका. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १५,००० आणि सेवा बारा वर्षं, तर १५,००० ला २६ ने भागून १५ ने आणि मग १२ ने गुणायचं: १,०३,८४६ रुपये.

कायमचं काम करता येत नसेल तर पीएफच्या पेन्शन योजनेतली अपंगत्व पेन्शन तपासा. कामावरच्या इजेमुळे कायमचं अपंगत्व येऊन नोकरी गेली असेल, तर वर्षाला १२० रुपये भरून ईएसआयचे उपचार त्याला आणि जोडीदाराला निवृत्तीच्या वयापर्यंत चालू ठेवता येतात. तो अर्ज त्याच्याकडून शेवटच्या दिवशी ऑफिसातच भरून घ्या, सही करून घ्या आणि पोच त्याच्या हातात द्या.